गोठ्यात नवी शेळी येते तेव्हा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून चार शहाणपणाचे शब्द ऐकण्याची रीत महाराष्ट्रात गावोगाव पडली आहे. अशा व्यासपीठावर आमच्यासारख्या कामगार चळवळीतील माणसाला बोलावले, म्हणजे तो मजुरीचे दर, मुकादमाची उचल आणि बोनस यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती गैर नाही. परंतु चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि आम्ही शेळी निवडली. गोठ्यात एक जुनी शेळी आहे. तिच्याजवळ नवी आणून बांधायची आहे. ती कशी बांधावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

विषय ऐकून कोणास हसू आले असेल, तर त्यांनी आमच्याबरोबर एखाद्या भूमिहीन मजुराच्या घरी यावे. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते ऊसतोडणीच्या कोप्यांत, हमालांच्या अड्ड्यावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर शिकलो. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट कळली, ती अशी की, ज्याच्याजवळ फार थोडे आहे त्याचे दिवाळे फार लहान गोष्टीने निघते. मोठ्या बागायतदाराच्या गोठ्यात एक शेळी मेली तर त्याचा हिशोब थोडा चुकतो. मजूर बाईची शेळी मेली तर तिच्या मुलीची शाळा सुटते.

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. परंतु येथील शेळीची जात अजून उस्मानाबादी याच नावाने देशभर ओळखली जाते. धाराशिव, लातूर, सोलापूर, अहिल्यानगर, परभणी या पट्ट्यातील हे जनावर. रंगाने बहुतेक काळेभोर, अंगाने काटक, आणि वेताला पुष्कळदा जुळी देणारे. बोकडांना बहुधा शिंगे असतात. शेळ्यांत मात्र शिंगाळ्याही निघतात आणि भुंड्याही. हा शिंगांचा तपशील पुढे कामास येईल, म्हणून तो लक्षात ठेवावा. पाच महिन्यांत व्यायची, बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर जगायची, अशी ही शेळी. ज्या बाईला बँकेत कोणी उभे करीत नाही, तिची बँक ती दारात बांधलेली असते. दवाखाना निघाला की एक करडू विकायचे, शाळेची वह्या-पुस्तके आली की दुसरे.

आता अशा घरी नवी शेळी येते कशी? कोणी बचत गटाचे कर्ज काढून बाजारातून आणते. कोणाला शासनाच्या योजनेतून दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट अनुदानावर मिळतो. कोणी दुसऱ्याची शेळी अर्धलीने सांभाळायला घेते. आणि आपल्या भागातील एक प्रकार असा आहे की ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. दिवाळीच्या सुमारास तोडणीला गेलेली माणसे आपली शेरडे बरोबर नेतात, आणि उन्हाळ्यात परत आणतात. घरी म्हातारीजवळ राहिलेली शेळी आणि पाच-सहा महिने परमुलखात राहून आलेली शेळी, या एकाच घरच्या असल्या तरी त्या दिवशी एकमेकींना नव्याच असतात. शेळीला विसर पडतो असे मात्र नव्हे. इंग्लंडमधील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की, करडू आईपासून तोडल्यावर कित्येक महिन्यांनीही आई त्याचा आवाज ओळखते. ओळख राहते, पण मान पुन्हा नव्याने ठरवावा लागतो. भांडण होते ते या मानासाठी.

हा मान म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. १९२१ साली शेल्डरुप-एबे नावाच्या एका नॉर्वेजियन अभ्यासकाने कोंबड्यांवरचे आपले निरीक्षण मांडले. लहानपणापासून तो कोंबड्यांकडे पाहत बसे. त्याला असे दिसले की, खुराड्यातील प्रत्येक कोंबडीला आपण कोणाला टोचावे आणि कोणाकडून टोचून घ्यावे हे पक्के ठाऊक असते. एकदा ही उतरंड लागली की टोचाटोची कमी होते आणि सगळ्या निवांत दाणे टिपतात. नवी कोंबडी आली की उतरंड हलते आणि पुन्हा टोचणे सुरू होते. शेळ्यांचेही असेच आहे. वय, अंगलट आणि शिंगे यांवर त्यांची उतरंड लागते. नवी आली की जुनी तिला हुंगते, अंगावरचे केस उभे करते, मागल्या दोन पायांवर उभी राहते आणि मान वाकडी करून टक्कर देते. पाहणाऱ्याला वाटते, काय द्वाड जनावर आहे! वास्तविक ती विचारीत असते, की तू माझ्या वरची की खालची? उत्तर मिळाले की तिचे काम झाले.

मग मनुष्याने मध्ये पडूच नये काय? असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ‘जनावरे आहेत, आपसांत भांडतील आणि गप्प बसतील,’ असे म्हणून नवी शेळी संध्याकाळी जुनीच्या गोठ्यात सोडून देतात आणि दार लावून झोपतात. माळरानावर हा सल्ला चालला असता, कारण तेथे हरलेल्या शेळीला पळायला जागा असते. आठ फुटी गोठ्यात हरलेलीने जावे कोठे? भिंत आपण घातली, दार आपण लावले, दावे आपण बांधले. म्हणून मिळवून घेण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

ही मिळवणी चार पायऱ्यांनी करावी, असे अनुभवी शेळीपालक आणि पशुवैद्य दोघेही सांगतात.

पहिली पायरी वेगळे ठेवण्याची. नवी शेळी आणल्यावर तीन ते चार आठवडे तिला जुन्यांपासून दूर, वेगळ्या आडोशाला, वेगळ्या भांड्यांनिशी ठेवावे. शहाण्या लोकांची ही रीत जुनी आहे. एड्रिअ‍ॅटिक समुद्रावरच्या रागुझा बंदराने १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला; पुढे व्हेनिसने ते दिवस चाळीस केले. आपल्या गोठ्याला हा नियम हवा, याचे कारण पीपीआर. शेळ्यामेंढ्यांची ही बुळकांडी भारतात प्रथम १९८७ साली तमिळनाडूत आढळली. ताप येतो, नाकाडोळ्यांतून पाणी गळते, तोंडात फोड येतात, हगवण लागते, आणि पाहता पाहता दावण रिकामी होते. गाईबैलांची बुळकांडी जगातून संपल्याचे २०११ साली जाहीर झाले. शेळ्यांची अजून संपलेली नाही. बाजारातून आणलेली शेळी पहिल्या दिवशी तरतरीत दिसते आणि आठवड्याने आजारी पडते. तोवर तिने जुन्यांच्या गव्हाणीत तोंड घातलेले असते. या वेगळ्या दिवसांत पीपीआरची आणि आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी, जंताचे औषध द्यावे, खुरे आणि तोंड तपासावे. लस टोचल्यावर तिचा गुण यायला दोनेक आठवडे जातात, हेही ध्यानात असावे. मृग निघण्यापूर्वी शेळ्या घेणार असाल, तर हा हिशोब आजच मांडावा.

दुसरी पायरी दुरून ओळखीची. वेगळे दिवस संपले आणि शेळी निरोगी ठरली, की तिला जुनीच्या शेजारी आणावे, पण मध्ये तट्टी किंवा जाळी ठेवावी. एकमेकींना पाहता यावे, हुंगता यावे, पण शिंग लागू नये. एकीच्या अंगाखालचे पोते उचलून दुसरीच्या बाजूला टाकावे, आणि तिचे हिच्याकडे. शेळीचे निम्मे जग वासाचे आहे.

याबाबत एक परदेशी उदाहरण आमच्या वाचनात आले, ते मनोरंजक आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात डेगू नावाचा एक प्राणी आहे. आकाराने मोठ्या उंदराएवढा, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. मोलिना नावाच्या चिलीतील एका धर्मगुरूने १७८२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हे प्राणी टोळी करून बिळांत राहतात, मिळून बिळे खणतात, आणि माद्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. युरोपात लोक त्यांना हौसेने पिंजऱ्यात पाळतात. एकटा डेगू झुरतो, म्हणून जोडीदार मेला की मालक दुसरा आणतो. पण इतका संगतीचा भुकेला प्राणी नव्या पाहुण्याला आपल्या पिंजऱ्यात सरळ सोडला तर रक्तबंबाळ करतो. म्हणून तेथील जाणते लोक दोन पिंजरे जवळजवळ ठेवतात, एकाची लोळण्याची वाळू दुसऱ्याला देतात, काही दिवसांनी पिंजऱ्यांची अदलाबदल करतात, आणि मग दोघांनाही अनोळखी अशा तिसऱ्या जागी त्यांची भेट घडवतात. सातासमुद्रापलीकडचा हौशी मालक आणि ढोकीची शेळी राखणारी बाई यांची गाठ पडण्याचा संभव नाही. तरी दोघांना एकच युक्ती सापडली आहे. संगतीची भूक आणि परक्याची भीती ही एकाच जनावरात एकाच वेळी असू शकते, हे त्या दोघांनीही ओळखले आहे.

तिसरी पायरी भेटीची. भेट जुनीच्या गोठ्यात घडवू नये. रानात, मोकळ्या पडीक जागेवर, सकाळचे थोडे खाणे झाल्यावर दोघींना एकत्र सोडावे. उपाशी जनावर लवकर तापते. मोकळ्या जागी टक्कर झाली तरी हरलेली बाजूला होते आणि चरू लागते. असे चार-पाच दिवस चारून मग एका संध्याकाळी दोघींना मिळून गोठ्यात आणावे. शक्य असेल तर नवी शेळी एकटी आणू नये, दोन किंवा तीन एकत्र आणाव्यात. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, जमलेल्या कळपात एकटी सोडलेली नवी शेळी कमी खाते, कमी बसते आणि कोपऱ्यात उभी राहते. कळपातील जुन्यांना मात्र त्याचे फारसे काहीच वाटत नाही. पुढच्या वर्षी त्याच लोकांनी दाखवले की, सोबतिणी बरोबर असल्या तर नवीचा हा ताप हलका होतो. एकटे येणे आणि टोळीने येणे यांतला फरक ऊसतोड कामगाराला समजावून सांगावा लागत नाही.

येथे शिंगांचा तपशील आठवावा. शिंगाळीपुढे भुंडीचे काही चालत नाही. जुनी शिंगाळी आणि नवी भुंडी असेल तर दुरून ओळखीचे दिवस वाढवावेत. गाभण शेळीला, विशेषतः शेवटच्या दोन महिन्यांत, नव्या कळपात घालूच नये. पोटावर बसलेली एक ढुशी गाभ टाकायला पुरते. बोकडाची गोष्ट निराळी. आपल्याच मुलींना फळवू लागण्यापूर्वी, म्हणजे दोनेक वर्षांनी, तो बदलावा लागतो. पण जुना गेल्याशिवाय नवा त्याच गोठ्यात आणू नये.

चौथी पायरी गव्हाणीची. आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची, आणि हिच्याचकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते.

आमच्या संघटनेतील एक शेतमजूर बाई. नवरा वारलेला, पदरी दोन मुले, दारात एक जुनी शिंगाळी शेळी. वेताला जुळी देणारी, करडे नीट पाजणारी, गुणाची. बाईंनी गटाचे कर्ज घेऊन आणखी दोन शेळ्या आणल्या. त्यांतली एक गाभण होती. विकणाऱ्या व्यापाऱ्याने सांगितले, ‘नेऊन सोडा, दोन दिवसांत रुळतील.’ तिसऱ्या दिवशी गाभण शेळीने गाभ टाकला. दुसरी भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि खायची नाही. आळीतल्या लोकांनी निकाल दिला की, जुनी शेळी खुनशी आहे, ती विकून टाका. बाजाराचा दिवसही ठरला. कर्जाचा हप्ता तोंडावर आला होता, आणि घरात कमावते जनावर तेवढे एकच होते.

संघटनेच्या कामाने आम्ही त्या वस्तीवर गेलो, तेव्हा आमच्याबरोबर एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक होते. ते गोठ्यात शिरले आणि शेळ्यांकडे न पाहता खाली पाहू लागले. आठ फूट लांब गोठा, आणि वैरणीला एक लोखंडी घमेले. त्या घमेल्यात एका वेळी एकच तोंड जाई. ते म्हणाले, ‘बाई, तीन तोंडे आणि एक ताट. तुमची शेळी खुनशी नाही. तुमच्या पोरांना असे वाढले तर तीही भांडतील.’ त्यांनी गोठ्यात मध्ये तुराट्यांची तट्टी घालायला लावली. तीन घमेली, तीन कोपऱ्यांत. पाण्याची दोन भांडी. भिंतीला लागून एक उंच कट्टा, म्हणजे हरलेलीला चढून बसता येईल. पंधरा दिवस तट्टी राहिली, मग रानात एकत्र चराई सुरू झाली, मग तट्टी निघाली. टकरी झाल्या, पण अंगाला इजा झाली नाही. बाजाराचा दिवस आला आणि गेला. जुनी शेळी दारातच राहिली. टाकलेला गाभ परत आला नाही, आणि कर्जाचे हप्ते बाईंना मजुरी करूनच भरावे लागले. एका घमेल्याची ती किंमत होती.

म्हणून गव्हाणीचे माप सांगून ठेवतो. मोठ्या शेळीमागे गव्हाणीवर सव्वा ते दीड फूट जागा हवी, आणि छपराखाली दहा-बारा चौरस फूट. नवी येण्याच्या आधी गव्हाण वाढवावी. भांडण झाल्यावर वाढवण्यात अर्थ नाही. एक तोंड जास्त मावेल इतकी जागा असावी. पाल्याच्या पेंढ्या एकाच जागी न टांगता दोन-तीन ठिकाणी टांगाव्यात.

आता टक्कर आणि छळ यांतला फरक. टक्कर समोरून होते, थोडा वेळ चालते, आणि एकीने मान वळवली की थांबते. तिला थांबवू नये. काठी घेऊन रोज मध्ये पडणारा मालक उतरंड लागू देत नाही, आणि भांडण लांबवतो. छळ निराळा दिसतो. शेळी वळली तरी मागून ढुशी बसते, पाण्यापासून हुसकावले जाते, रक्त येते, नवी एका दिवसाहून अधिक काळ खात नाही. असे दिसले तर तासाचीही वाट न पाहता तट्टी पुन्हा घालावी आणि दुसऱ्या पायरीपासून आरंभ करावा. त्यात कमीपणा नाही. काही शेळ्यांना आठवडा लागतो, काहींना दोन महिने.

बैलांचेही थोडे असेच आहे. ऊस वाहणाऱ्या गाडीवानाचा एक बैल मेला की जोडी मोडते. राहिलेला बैल आणि नवा बैल यांना पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपणारा गाडीवान दोन्ही बैल बिघडवतो. शहाणा गाडीवान त्यांना आधी शेजारी बांधतो, रिकामी गाडी ओढवतो, आणि मग ओझे वाढवतो.

कोणी म्हणेल, आता वक्ते शेळीवरून माणसावर येणार. आम्ही बेताने येऊ. जनावरांच्या वागण्यावरून माणसांचे कायदे काढणे बरे नाही. तसे काढणाऱ्यांनी जगात पुष्कळ अनर्थ केले आहेत. शेळीला उतरंड लागते म्हणून माणसांतही ती असावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे आयुष्य उलट म्हणण्यात गेले. माणसाला बोलता येते, तो बैठक घेऊ शकतो, करार करू शकतो. परंतु तीस वर्षांत आम्ही जुन्या आणि नव्या टोळ्यांची पुष्कळ भांडणे मिटवायला गेलो. प्रत्येक ठिकाणी प्रथम असे ऐकू आले की, नव्या टोळीची माणसे वाईट आहेत, किंवा जुन्या टोळीची माजलेली आहेत. आणि बहुतेक ठिकाणी खाली पाहिल्यावर असे दिसले की, पन्नास कोयत्यांना पाण्याचा नळ एक होता. दुसरा नळ आला त्या दिवशी सगळे सज्जन झाले असे नव्हे; पण भांडणाला रोज सकाळी मिळणारे निमित्त गेले, आणि माणसे एकमेकांशी बोलू लागली.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. गावात जेव्हा शेळ्यांचे गट वाटले जातील, किंवा बचत गट शेळीसाठी कर्ज देईल, तेव्हा शेळीच्या किमतीबरोबर एका तट्टीची, दोन जास्त घमेल्यांची आणि महिनाभराच्या वेगळ्या वैरणीची किंमतही धरावी. ती रक्कम शेळीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. ज्यांच्या घरी मोकळे छप्पर आहे, त्यांनी शेजारणीच्या नव्या शेळीला तीन आठवडे ते वापरू द्यावे. लस टोचण्याचा दिवस वस्तीने मिळून ठरवावा, म्हणजे डॉक्टरांना एकदाच यावे लागेल. यातील कोणत्याही कामाला मंत्र्याची सही लागत नाही. उद्या सकाळीच ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या गोठ्यात जाऊन तोंडे किती आणि घमेली किती, हे एकदा मोजून पाहावे.